खैरीच्या फाटकाची बल्ली

मी ज्या गाडीवर नोकरी केली ती फाटकापाशी थांबायची. फाटक उघडं असायचं म्हणून थांबायची. मी डब्यातून उतरायचो, पुढे चालत जायचो, रस्त्यावरची बैलगाडी किंवा मोटरसायकल अडवून फाटक लावायचो आणि ड्रायव्हरला हिरवी झेंडी दाखवायचो. गाडी रस्ता ओलांडायची आणि पलीकडे पुन्हा थांबायची. मी फाटक उघडायचो आणि पळत जाऊन शेवटच्या डब्यात चढायचो. पुढच्या फाटकाला पुन्हा तेच.

हे वाचून हसू आलं असेल तर माझी हरकत नाही. आजवर ज्याला ज्याला सांगितलं तो हसलाच आहे. या अंकाच्या संपादकांनीही फोनवर हसतच सांगितलं, "शकुंतलेच्या गमती लिहा, लोकांना आवडतात." शकुंतला म्हणजे आमचीच ही छोटी गाडी. गमती लिहितो. पण एक गोष्ट गमतीची नाही. ती घडली तेव्हा मात्र सगळे खूप हसले होते. मुख्यतः तीच लिहायची आहे.

आधी कामाविषयी. मोठ्या लाइनवर फाटकाशेजारी खोली असते, तिथे माणूस असतो, टेलिफोन असतो. आमच्या मूर्तिजापूरच्या छोट्या लाइनवर गाडी दिवसातून एकदा जायची आणि एकदा यायची. तेवढ्यासाठी प्रत्येक फाटकावर माणूस बसवायचा कसा? म्हणून गेटमन गाडीतच बसवला. गार्ड तर त्याहून पुढचा. लहान स्टेशनांवर कोणी उरलेलं नव्हतं, तेव्हा तोच उतरून खिडकी उघडायचा, तिकिटं विकायचा, खिडकी लावायचा आणि शिटी वाजवायचा. मी हिशेबी माणूस आहे. घरी वीजबिल आलं की आधी मीटर बघतो आणि मग पैसे भरतो, यावरून सौ. मंगला माझी थट्टा करते. तर हिशेबाने पाहिलं तर ही पद्धत चुकीची नव्हती. वेळ तेवढा जायचा. पण ज्यांच्याकडे वेळ होता आणि दुसरं काही नव्हतं अशीच माणसं आमच्या गाडीत बसायची.

गाडी कोणाच्या मालकीची होती, इंजिन कुठून आलं, हे इतर लोकांनी भरपूर लिहिलं आहे. त्यातलं खरं किती ते मला माहीत नाही, म्हणून मी त्यात पडत नाही.

तरुणपणी मला या कामाची लाज वाटायची. मुलगी पाहायला अकोल्याला गेलो तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "रेल्वेत नेमकं काय पाहता?" मी म्हणालो, "ट्रॅफिक." शब्द खोटा नव्हता. लग्न झालं. पुढे एकदा सासरे काही कामाने दर्यापूरकडे निघाले आणि जावयाची गाडी म्हणून हौसेने आमच्या गाडीत बसले. एका फाटकावर म्हशींचा कळप रुळावर आडवा झाला. मी झेंडी काखेत धरून म्हशींच्या मागे धावत होतो. एक म्हैस हलेना, तेव्हा तिची शेपटी पिळली. वर पाहतो तर सासरे खिडकीत.

"जावईबापू," ते म्हणाले, "ट्रॅफिक लय हाये तुमच्या लाइनीवर."

त्यानंतर त्या घरात माझ्या हुद्द्याचा विषय कोणी काढला नाही. तेच जास्त लागायचं.

दुसरी गंमत ऐकायला बरी आहे. एका फाटकावर मी उघडायला मागे राहिलो आणि ड्रायव्हरला वाटलं मी चढलो. गाडी निघून गेली. मी ओरडलो, झेंडी हलवली, पण काही उपयोग झाला नाही. एक दूधवाला मोटरसायकलवर चालला होता. तो म्हणाला, "बसा भाऊ, गाठून देतो." आम्ही शेतातल्या वाटेने गेलो. त्याने वाटेत एका घरी दूध घातलं, त्या घरच्या बाईंशी साखरेच्या भावावर बोलला, आणि तरीही आम्ही पुढच्या फाटकावर गाडीच्या आधी पोचलो. मी फाटक लावून, झेंडी धरून उभा राहिलो. ड्रायव्हरने मला पाहिलं आणि इंजिन थांबवून मागे वळून पाहिलं. मागच्या डब्यात मी अजून असेन, असं त्याला वाटलं असावं. गार्ड बशीरभाई तर डोक्याला हात लावून बसले. "वासू," ते म्हणाले, "ये बात कोणाले सांगजो नको. आपली नोकरी जाईन." मी सांगितली नाही. दूधवाल्याने सगळ्या तालुक्याला सांगितली.

आता खैरी. नाव बदललं आहे, पण त्या लाइनीवरच्या माणसाला कळेल. गावापासून रूळ थोडे दूर, मधून कच्चा रस्ता. तिथलं फाटक अगदीच साधं होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन खुंट आणि त्यांच्या बेचक्यांत आडवी टाकायची एकेक लाकडी बल्ली. त्या फाटकाशेजारी गिरजाबाईंचं घर होतं. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा, घरामागे विहीर आणि थोडा मळा. त्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून मूर्तिजापूरच्या बाजारात न्यायच्या. स्टेशन लांब होतं, पण गाडी फाटकापाशी थांबायचीच. त्या तिथेच चढायच्या. नियमात ते बसत नव्हतं. बशीरभाई त्यांचं तिकीट मात्र पुढच्या स्टेशनवर न चुकता फाडायचे.

एक दिवस गाडी खैरीला आली आणि पाहतो तर फाटक लागलेलं. गिरजाबाई बल्लीजवळ उभ्या.

"तू कायले उतरतं रे वासुभाऊ एवढ्या उन्हाचा?" त्या म्हणाल्या. "शिटी आयकली अन् लावलं म्या गेट. जाऊ दे तुही गाडी."

तेव्हापासून ती रीतच पडली. लांबून शिटी ऐकली की गिरजाबाई फाटक लावायच्या, गाडी हळू व्हायची, बाजाराच्या दिवशी त्या पाटी वर द्यायच्या आणि चढायच्या. तेव्हा मागे फाटक त्यांचा मुलगा किंवा शेजारचं कोणी उघडायचं. मी त्यांना एकच नियम पक्का शिकवला होता, कारण त्यात माणसं मरतात. शेवटचा डबा गेल्याशिवाय बल्ली उचलायची नाही. कोणी कितीही घाई करो, शिव्या देवो, आमदार येवो. त्या कधी चुकल्या नाहीत. एकदा लग्नाची जीप अडवून ठेवली तेव्हा नवरदेव खाली उतरून हात जोडायला लागला. गिरजाबाई म्हणाल्या, "थांब बाप्पा. तुही बायको कुठी पळून नाई चालली."

मग गाडी बंद झाली. सुरुवातीला सगळे म्हणाले की दुरुस्तीपुरती बंद आहे. मला दुसरं काम मिळालं, आम्ही बडनेऱ्याला राहायला आलो. बशीरभाई निवृत्त होऊन गावी गेले. मी अधूनमधून दर्यापूरकडे जायचो. ओळखीची माणसं भेटली की विचारायची, "कधी सुरू होते जी?" मी म्हणायचो, "पाहू, वरून काहीतरी चालू आहे." माझ्याकडे तशी काही माहिती नव्हती. हो म्हणायला आधार नव्हता आणि नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती, म्हणून हे मधलं वाक्य मी वापरत असे. एकदा बाजारात गिरजाबाईंनाही तेच सांगितलं. त्यांना तेव्हाच कमी दिसायला लागलं होतं. मी बोलेपर्यंत त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

मागच्या दिवाळीआधी दर्यापूरच्या काही तरुणांनी एक मंडळ काढलं. छोटी गाडी परत सुरू करा, अशी मागणी. सचिव नितीन म्हणून हार्डवेअरचा दुकानदार, मनाचा चांगला मुलगा. त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला प्लायवूडचं इंजिन आणि डबा बसवला, रंग दिला, आतून धूर निघेल अशी सोय केली. हा चित्ररथ गावोगाव फिरवून सह्या गोळा करायच्या. भोंग्यावर खऱ्या इंजिनाच्या शिटीचं रेकॉर्डिंग लावलं होतं. कुणीतरी गाडी चालू असताना मोबाईलवर घेतलेलं. मला फोन आला.

"काका, तुमी युनिफॉर्म घालून झेंडी घेऊन उभं राहायचं. बाकी कायी नाई. लोकायले जुने दिवस आठवले पायजे."

मी मंगलाला विचारलं. ती म्हणाली, "आयुष्यभर त्या झेंडीची लाज वाटली तुम्हाला. आता बोलावतात तर जा." तिने जुना युनिफॉर्म पेटीतून काढून इस्त्री केला. पोटाशी बटण लागलं नाही, तिथे पिन लावली. मी गेलो. खरं सांगायचं तर मला आवडलं. गावात शिरलो की पोरं मागे धावायची, बाया दारात यायच्या, म्हातारे हात जोडायचे. ज्या कामासाठी मी सासऱ्यांपुढे मान खाली घातली, त्याच कामाला लोक हार घालत होते. मी झेंडी जरा जास्तच उंच धरत होतो.

दुपार उतरता उतरता आम्ही खैरीच्या रस्त्याला लागलो. सोयाबीनची काढणी चालू होती, रस्त्यावर मळणीयंत्र, मोटरसायकली, भरलेला टेम्पो अशी वर्दळ होती. खैरीचे रूळ ओलांडायच्या जरा आधी नितीनने शिटी लावली. दोनदा. आम्ही वळणावरून पुढे आलो आणि ट्रॅक्टर थांबला.

रस्त्यात बल्ली आडवी होती. दोनपैकी एकच उरली होती, ती गिरजाबाईंनी खुंटांवर टाकली होती. पाठमोऱ्या उभ्या होत्या, तोंड रुळांकडे. पायाशी कपड्याचं गाठोडं. पदर खोचलेला.

बल्लीच्या अलीकडे आमच्या पुढे दोन मोटरसायकली अडकल्या होत्या. एक पोरगा ओरडत होता, "अवो आजी, पागल झाली का? उचल ते!"

"पागल तुहा बाप," गिरजाबाई न वळता म्हणाल्या. "गाडी येऊन राहिली, आयकू नाई येत?"

तेवढ्यात आमच्या भोंग्याने तिसरी शिटी दिली. त्या एकदम ताठ झाल्या आणि दोन्ही हात आडवे केले.

म्हणजे आमच्याच शिटीवर त्यांनी फाटक लावलं होतं, आणि फाटकाच्या चुकीच्या बाजूला गाडी म्हणून आम्ही उभे होतो. हे ट्रॉलीतल्या पोरांच्या ध्यानात आलं आणि हशा सुरू झाला. मोटरसायकलवाले हसले. पलीकडून आलेले हसले. नितीन मोबाईल वर धरून म्हणाला, "काका, थांबा, उतरू नका. एक नंबर व्हिडिओ येऊन राहिला."

मी उतरलो. माझ्या हातात झेंडी तशीच होती.

"माय," मी म्हणालो, "मी वासुदेव. गेटवाला."

त्या आवाजाच्या दिशेने वळल्या. डोळे माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी होते. चेहरा मात्र उजळला. "वासुभाऊ! तू खाली कसा? गाडी कुठी राहिली?"

"बल्ली उचला, माय. लोकं खोळंबले."

"गाडी गेल्याबिगर नाई उचलत. तूच सांगतलं व्हतं." मग हळू आवाजात म्हणाल्या, "मले जरा हात देजो चढाले. डोयाचं करायचं हाये अकोल्याले. डाक्टरनं कवाचं सांगतलं. पोरगा पुण्याहून म्हणते जीपनं जाय, जीपनं जाय. जीपमंधून पडली मी मांगं, कंबर मोडली असती. म्या म्हटलं, गाडी सुरू झाली का जाईन. तूच म्हणे ना, चालू हाये वरून?"

हसणारे अजून हसतच होते. त्यांना आमचं बोलणं ऐकू जात नव्हतं. माझ्या पोटावरची पिन टोचत होती, ते मला लख्ख आठवतं.

"माय, ती शिटी भोंग्यावरची होती. टेप होती. गाडी येत नाही."

"आज येत नाई, का येतच नाई?"

मी जन्मभर मोजूनमापून बोललो आहे. तेव्हाही तेच केलं. "मले माहीत नाही, माय."

मग त्यांनी मान थोडी तिरकी केली. हिरवं काहीतरी त्यांना अंधुक दिसत असावं.

"मंग झेंडी कायले दाखवून राहिला?" त्या म्हणाल्या.

मी झेंडी गुंडाळली. त्यांनी बल्ली उचलली नाहीच. गेटमन उघड म्हणतो आणि गाडी तर गेलेली नाही, या दोहोंत त्या अडकल्या होत्या. शेवटी मीच बल्ली उचलून बाजूला केली. मोटरसायकली गेल्या. मग प्लायवूडचं इंजिन धूर सोडत रुळांवरून गेलं. गिरजाबाई गाठोडं छातीशी धरून उभ्या होत्या. शेवटचा डबा गेला का, ते त्या कान देऊन ऐकत होत्या.

मी चित्ररथाबरोबर पुढे गेलो नाही. नितीनला सांगितलं, तो व्हिडिओ पुसून टाक. त्याने माझ्यासमोर पुसला. त्याचाही चेहरा पडला होता, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण मोबाईल इतरांच्याही हातात होते. दोन दिवसांनी माझ्या साडूने मला तोच प्रसंग पाठवला, खाली हसणारे चेहरे टाकून. "तुमीच ना हे झेंडीवाले?" असं त्याने विचारलं होतं. मी 'हो' एवढंच लिहिलं.

चित्ररथाच्या दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकली होती. मंगला आणि मी खैरीहून गिरजाबाईंना जीपने दर्यापूरला आणि तिथून एसटीने अकोल्याला नेलं. जीपमध्ये मंगलाने त्यांना कमरेला धरून बसवलं. वाटभर जीप हळू झाली की त्या विचारायच्या, "कोणतं गेट हाये?" तिथे कुठे फाटक नसायचं, खड्डा असायचा.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तो निघण्यासारखा होता. डावा काचबिंदूने गेलेला होता. मी विचारलं, लवकर आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "किती वाचला असता ते आता सांगता येणार नाही. पण काचबिंदूत गेलेलं परत येत नाही, म्हणून तर आम्ही लवकर बोलावतो." मला नेमकं उत्तर हवं होतं. माझा वाटा किती, मुलाचा किती, जीपचा किती, असं काहीतरी मांडता आलं असतं. ते नाही मिळालं. त्यामुळे सगळाच माझ्याकडे राहिला आहे, असं धरून मी चालतो.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. हिरवा चष्मा सुटल्यावर मी त्यांना भेटायला खैरीला गेलो. त्या घरात नव्हत्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, "गेटाकडे पाहा."

गिरजाबाई रुळांच्या मध्ये उभ्या होत्या. रूळ म्हणजे तरी काय, बाभळीच होत्या. दोन रुळांच्या मधोमध वाढलेल्या, काही माझ्या मनगटाएवढ्या जाड, काही डोक्याच्या वर गेलेल्या. जिकडे पाहावं तिकडे, दर्यापूरच्या बाजूलाही आणि मूर्तिजापूरच्या बाजूलाही. एका बाभळीच्या खोडाला धरून त्या उभ्या होत्या. मला पाहिलं आणि या वेळी आवाजाआधी ओळखलं.

"केवढाल्या वाढल्या रे ह्या," त्या म्हणाल्या. "एका सालात नाई वाढल्या."

"नाही, माय."

"पोरगा येऊन जाये. शेजारी रोज अथून जातेत. तू येऊन गेला. सगळ्यायले दिसत व्हतं." त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मले दिसत नव्हतं. ज्यायले दिसत व्हतं त्यायनं सांगाले नाई पायजे का?"

इतकी वर्षं त्या शिटीसाठी कान लावून बसल्या होत्या आणि मधे ही झाडं उभी होती. मला ती दिसत होती. मी मात्र लोकांना सांगत होतो की वरून काहीतरी चालू आहे.

थोड्या वेळाने त्या कडेला गेल्या, खुंटांजवळ पडलेली बल्ली दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या पुढ्यात उभी केली.

"हे सरकारी हाये," त्या म्हणाल्या. "इतके दिवस सांभायलं. आता नेऊन जमा कर."

मी ती खांद्यावर घेतली. जीपवाल्याने टपावर बांधू दिली आणि बडनेऱ्यापर्यंत सोबतच्या माणसांनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, फाटक. मी ती खरोखर रेल्वेच्या कचेरीत जमा करायला गेलो होतो. तिथला माणूस भला होता. त्याने विचारलं, कुठल्या गेटची? मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, तिथे गेटच नाही." तेव्हापासून ती आमच्या अंगणात भिंतीला टेकून उभी आहे. मंगला तिच्यावर कपडे वाळत घालत नाही. मी तसं सांगितलेलं नाही, पण घालत नाही.

या दिवाळीला नितीनचा पुन्हा फोन आला. चित्ररथ या वेळी मोठा आहे म्हणाला. मी त्याला सांगितलं की येतो, पण भोंगा आणि झेंडी नको. गावोगाव उतरून आधी लोकांना सांगायचं की रुळात झाडं आहेत, गाडी येत नाही, आणि ज्याला दवाखान्यात जायचं आहे त्याने आजच जावं. त्यानंतर सह्या मागायच्या.

तो म्हणाला, "काका, असं सांगतलं त कोण सही करन?"

मी म्हणालो, "ते मले माहीत नाही."